लेव्हाय सॅव्हेजचा आक्षेप : फ्लॉरेन्स, ऑगस्ट १८५६

१३ ऑगस्ट १८५६ ची संध्याकाळ. मिसुरी नदीच्या पश्चिम काठावर, आज ओमाहा शहरात मिसळून गेलेल्या फ्लॉरेन्स या वस्तीजवळ सुमारे पाचशे माणसांचा तळ पडला होता. बहुतेक इंग्लंड-स्कॉटलंडमधली कष्टकरी कुटुंबं, काही डेन्मार्कची. त्यांत म्हातारी माणसं होती, गरोदर बाया होत्या, तान्ही मुलं होती. सगळे मॉर्मन या अमेरिकेत उगवलेल्या ख्रिस्ती पंथात नव्याने आलेले. त्यांना यूटामधलं सॉल्ट लेकचं खोरं गाठायचं होतं. वाटेत हजार मैलांहून जास्त माळरान आणि मग रॉकी पर्वत. सामान हातगाड्यांवर लादलेलं आणि त्या गाड्या ओढणार तीच माणसं. सभेपुढे प्रश्न एकच होता : असंच पुढे निघायचं, की हिवाळा इथे काढून वसंतात निघायचं?

ही वाट आधी चाललेली माणसं अख्ख्या तांड्यात चारच होती : तांड्याचा प्रमुख जेम्स विली, आणि त्याच्या हाताखालचे मिलन ॲटवुड, विल्यम वुडवर्ड आणि लेव्हाय सॅव्हेज. तिघं म्हणाले, निघावं. सॅव्हेज म्हणाला, उशीर झाला आहे, निघू नये. त्याने जे जे होईल म्हणून सांगितलं ते जवळजवळ तसंच घडलं, आणि सुमारे ७० माणसं वाटेत गेली.

या प्रकरणाची आठवण सहसा ‘द्रष्ट्या माणसाचं कोणी ऐकलं नाही’ अशा थाटात सांगितली जाते. मला ते अपुरं वाटतं. सॅव्हेजचं म्हणणं सर्वांनी ऐकलं होतं, त्यांना ते कळलंही होतं, काहींनी ते मानलंही. तरी ते बाजूला पडलं. कसं पडलं, आणि पडल्यावर सॅव्हेजने जे केलं त्याला काय म्हणायचं, या दोन गोष्टींसाठी हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

माणूस

लेव्हाय सॅव्हेज (धाकटा) १८२० मध्ये ओहायो राज्यात जन्मला. १८४६ मध्ये तो मॉर्मन झाला आणि त्याच वर्षी मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी उभारलेल्या मॉर्मन बटालियनमध्ये भरती झाला. या पलटणीने वाळवंट तुडवत कॅलिफोर्नियापर्यंत पायी मजल मारली. अपुरा शिधा, मरतुकडी जनावरं आणि झिजलेले जोडे घेऊन चालणं म्हणजे काय, हे त्याने अंगावर सोसलेलं होतं. १८४७ च्या ऑक्टोबरात तो सॉल्ट लेकला पोहोचला, तिथे त्याने जेन मॅथर्सशी लग्न केलं. १८५१ च्या अखेरीस ती वारली. मागे वर्षाचाही न झालेला मुलगा राहिला.

पुढच्याच उन्हाळ्यात पंथाच्या नेतृत्वाने शंभराहून अधिक पुरुषांना धर्मप्रसारासाठी जगभर पाठवलं. सॅव्हेजच्या वाट्याला आला सयाम, म्हणजे आजचा थायलंड. मुलाला बहिणीकडे सोपवून तो निघाला, सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने १८५३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला उतरला. पण ब्रह्मदेशातलं दुसरं इंग्रज युद्ध नुकतंच झालेलं, जमिनीवरून सयामकडे जायची वाट बंद. मग रंगून आणि मौलमीन इथे त्याने जवळपास दोन वर्षं काढली, ब्रह्मी भाषा शिकायची खटपट केली. अनुयायी फारसे मिळाले नाहीत. सयामला तो पोहोचलाच नाही.

(याच मोहिमेचा एक धागा आपल्याकडेही येतो. ह्यू फिन्डले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याच्या लष्करी छावणीच्या आसपास त्याने काम केलं. गोरे शिपाई आणि मोजके इतर लोक त्याच्या हाताला लागले. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध होताच. हिंदुस्थानातली ही सगळी मोहीम १८५६ पर्यंत आटोपली.)

सॅव्हेज १८५६ च्या सुरुवातीला बोस्टनला परतला आणि घराच्या ओढीने आयोवा सिटीला आला. रेल्वे तिथपर्यंतच होती. तिथे अनुभवी माणसांची वानवा असल्याने त्याला विलीच्या तांड्यात शंभर माणसांचा नायक नेमलं. हे ध्यानात ठेवायला हवं : तो घरी निघालेला वाटसरू होता. हा तांडा त्याने जमवला नव्हता, हातगाड्यांची योजना त्याची नव्हती, आणि चार वर्षं न पाहिलेला मुलगा सॉल्ट लेकला वाट पाहत होता. लवकर निघण्यात त्याचाच सर्वांत मोठा फायदा होता.

उशीर कसा झाला

पंथाचा आणि यूटाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याला युरोपातल्या गरीब अनुयायांना लवकरात लवकर आणि कमी पैशांत आणायचं होतं. त्यासाठी १८४९ मध्ये उभारलेला कर्जाऊ निधी आटत चालला होता, त्यात १८५५ मध्ये टोळ आणि दुष्काळ यांनी यूटाची पिकं बुडवली. बैलगाड्या महाग, म्हणून हातगाड्या. युरोपातल्या कामाचा प्रमुख फ्रँकलिन रिचर्ड्स याने ही योजना उत्साहाने मांडली. स्वस्त वाट निघाल्यावर अंदाजापेक्षा जास्त लोक आले.

विलीच्या तांड्यातले लोक ४ मे रोजी लिव्हरपूलहून ‘थॉर्नटन’ जहाजाने निघाले. हेच मुळात उशिरा होतं. २६ जूनला आयोवा सिटीला पोहोचले तेव्हा त्यांच्यासाठी गाड्या तयारच नव्हत्या. घाईने, ओल्या लाकडाच्या गाड्या बांधण्यात जवळजवळ तीन आठवडे गेले. १५ जुलैला तांडा हलला. ओलं लाकूड उन्हात आटलं, आस झिजू लागले. वंगण नाही म्हणून लोक शिध्यातलं डुकराचं मांस आणि साबण आसांना चोळत. माणशी सतरा पौंड सामानाची मुभा होती, म्हणजे साधारण आठ किलो. त्यातच अंथरूण-पांघरूण आणि कपडे. जाड पांघरुणं अर्थातच मागे राहिली. ११ ऑगस्टला ते फ्लॉरेन्सला पोहोचले.

या साखळीतला एकही दुवा कुणी दुष्टपणे रचलेला नव्हता. प्रत्येक जण आपापला थोडा उशीर पुढच्याच्या पदरात टाकत गेला, आणि तो सगळा साचून फ्लॉरेन्सच्या तळावर आला.

हिशेब मात्र तिथे कुणालाही करता आला असता. त्या वर्षीचा पहिला हातगाड्यांचा तांडा ९ जूनला आयोवा सिटीहून निघाला आणि २६ सप्टेंबरला सॉल्ट लेकला पोहोचला, म्हणजे १०९ दिवस. विलीचा तांडा त्याच चालीने गेला असता तरी १५ जुलैपासून मोजून १ नोव्हेंबर उजाडला असता. सात हजार फुटांहून उंच असलेली साऊथ पास ही खिंड ओलांडायला ऑक्टोबर सरत आला असता. बरोबरचा शिधा साठ दिवसांचा, आणि फ्लॉरेन्सपासूनचं अंतर हजार मैलांवर. रोज पंधरा मैल, एकही दिवस विश्रांती न घेता चाललं तरी सत्तरच्या आसपास दिवस होतात. पहिला तांडा सप्टेंबरात पोहोचेल हे त्या दिवशी फ्लॉरेन्सला माहीत नव्हतं, पण अंतर, शिधा आणि ऋतू या तीन गोष्टी माहीत होत्या.

सभा

त्या सभेबद्दल दोन जवळचे साक्षीदार आहेत : खुद्द सॅव्हेजची रोजनिशी, आणि त्याच तांड्यातला दुसरा एक नायक जॉन चिस्लेट याने पुढे लिहिलेली हकिगत. चिस्लेटने नंतर पंथ सोडला, सॅव्हेज मरेपर्यंत पंथात राहिला. एवढ्या वेगळ्या वाटेने गेलेल्या दोन माणसांची साक्ष इथे जुळते, म्हणून ती मी वजनदार मानतो.

विलीने सुरुवातीलाच लोकांना, परिणाम काहीही होवोत, पुढे निघण्याचं आवाहन केलं. मग सॅव्हेज उठला. त्याने सांगितलं ते अगदी नेमकं होतं : गुडघाभर बर्फातून चालावं लागेल, रात्री पातळ कांबळं लपेटून गोठलेल्या जमिनीवर झोपावं लागेल, ज्यात शिरून ऊब घेता येईल अशी छपराची गाडी आपल्याकडे नाही, कपडे नाहीत आणि असते तरी वाहता आले नसते. ज्यांच्यासोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत त्यांनी तरी हिवाळा इथे काढावा. हातगाडीच्या पद्धतीला आपला विरोध नाही, फक्त वेळ टळून गेली आहे, हेही त्याने स्पष्ट केलं.

विलीने उत्तर दिलं की आपला देव शेवटपर्यंत तारणारा आहे, आणि बायबलमधल्या ईयोबाला हताश करणाऱ्या मित्रांसारखी माणसं आपल्याला सोबत नकोत. त्यावर सॅव्हेज म्हणाला, मी सांगितलं ते सत्य आहे, पण ते चुकीचं वाटत असेल तर माझी जागा दुसऱ्याला द्या. फ्लॉरेन्समधून स्थलांतराचं काम पाहणारे जॉर्ज ग्रँट आणि विल्यम किंबॉल हे वजनदार गृहस्थही निघण्याच्याच बाजूचे होते. लोकांचा कौल निघण्याकडे गेला.

तेव्हा सॅव्हेज पुन्हा बोलला. चिस्लेटच्या हकिगतीप्रमाणे आशय असा : मी बोललो ते खरं आहे हे मला माहीत आहे, पण तुम्ही जाणारच असाल तर मी तुमच्यासोबत येईन, तुमच्यासोबत राबेन, सोसेन आणि वेळ आली तर तुमच्यासोबत मरेन. बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं काहींच्या आठवणींत आहे.

सुमारे शंभर माणसं फ्लॉरेन्सलाच थांबली. बाकीची चारशेहून थोडी जास्त माणसं १६-१७ ऑगस्टला निघाली.

वाट

सुरुवात बरी झाली. प्रत्येक गाडीवर ९८ पौंडांचं पिठाचं पोतं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री रानगव्यांच्या धांदलीत तांड्याची तीसेक जनावरं पळाली, ती मिळालीच नाहीत. राहिलेल्या दुभत्या गायी आणि कालवडी जुवाला जुंपल्या, तरी ओझं भागेना, म्हणून प्रत्येक हातगाडीवर पिठाचं आणखी एक पोतं चढलं.

१२ सप्टेंबरला हलक्या घोडागाड्यांतून रिचर्ड्स आणि त्याचे सोबती मागून आले. ग्रँट आणि किंबॉल त्यांतच होते. रिचर्ड्सच्या कानावर फ्लॉरेन्सची गोष्ट गेली होती. सर्वांसमक्ष त्याने सॅव्हेजला खडसावलं, आणि लोकांना आश्वासन दिलं की देव वाट मोकळी ठेवील. या क्षणी तरी शिधा पुन्हा मोजता आला असता. तो मोजला गेला नाही. ज्या माणसाने तो मोजला असता त्याला नुकतंच गप्प केलं होतं.

वाटेतल्या फोर्ट लॅरामी या लष्करी ठाण्यावर अपेक्षित रसद नव्हती. मिळालं ते थोडं कडक बिस्किट, आणि साऊथ पासजवळ मदत भेटेल असा निरोप. ऑक्टोबरच्या मध्यापासून पिठाचा रोजचा वाटा पुरुषाला सुमारे ३०० ग्रॅम, बाईला २५५, मुलांना १७०, तान्ह्याला ८५. दिवसभर गाडी ओढणाऱ्याला एवढंच. १९ ऑक्टोबरला शेवटचं पीठ वाटलं, आणि त्याच दिवशी बर्फाचं वादळ आलं.

तोवर सॉल्ट लेकला चक्रं फिरली होती. ४ ऑक्टोबरला रिचर्ड्स पोहोचला. मागे अजून हजारभर माणसं वाटेत आहेत हे ऐकून यंगने दुसऱ्याच दिवशी भरल्या सभेत खेचरं, गाड्या, गाडीवान आणि बारा टन पीठ मागितलं. ७ तारखेला पहिली तुकडी निघाली. तिचा प्रमुख होता जॉर्ज ग्रँट, बरोबर किंबॉलही. फ्लॉरेन्सला ‘निघा’ म्हणणारी हीच माणसं, दीर्घ प्रवासानंतर जेमतेम दोन-तीन दिवस घरी टेकून पुन्हा बर्फात परतली होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यांना निष्काळजी म्हणून निकालात काढणं सोपं आहे, आणि ते तसे नव्हते.

विलीही तसा नव्हता. २० ऑक्टोबरला तो एका सोबत्याला घेऊन वादळात मदतीच्या शोधात निघाला, २१ ला संध्याकाळी गाड्या घेऊन परतला. २३ तारखेला रॉकी रिज नावाचा खडकाळ चढ ओलांडायचा होता. वारा समोरून, बर्फ पायाखाली. शेवटची माणसं रॉक क्रीकच्या तळावर पोहोचायला दुसरी पहाट उजाडली. तिथे तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, आणखी दोघं त्याच दिवशी गेले. ९ नोव्हेंबरला तांडा सॉल्ट लेकला पोहोचला. मागून येणाऱ्या मार्टिनच्या तांड्याचे हाल याहून वाईट झाले, तिथे दीडशेच्या आसपास माणसं गेली.

निर्णय नेमका कुठे फसला

माझं मत असं की फ्लॉरेन्सला प्रश्नाची जात बदलली, आणि तिथेच सगळं ठरलं. सॅव्हेजचा प्रश्न अंतर, थंडी आणि कपड्यांचा होता. त्याला उत्तर मिळालं ते देवाच्या सामर्थ्याचं. एकदा प्रश्न श्रद्धेचा झाला की आकडे मांडणारा आपोआप अश्रद्ध ठरतो, आणि सॅव्हेजइतका श्रद्धावान माणूस त्या तळावर क्वचितच असेल. तान्हं मूल सोडून त्याने पंथाच्या एका शब्दावर ब्रह्मदेश गाठला होता.

दुसरं, कौल घेतला तो कुणाचा? लँकेशायरच्या गिरणीतून किंवा डेन्मार्कच्या शेतावरून आलेल्या माणसाने रॉकी पर्वतातला ऑक्टोबर पाहिलेला नव्हता. डॅनिश मंडळींची तर इंग्रजीशीच ओळख नव्हती, त्यांची भिस्त योहान आहमनसन या त्यांच्या दुभाष्या नायकावर. अशा लोकांनी हात वर केला तो अंतर मोजून नाही, तर ज्यांच्यावर त्यांचा विश्वास होता त्यांच्या चेहऱ्याकडे बघून. ‘लोकांनीच ठरवलं’ असं नंतर म्हणता येतं, पण ठरवण्याचं साधनच त्यांच्या हाती नव्हतं. आणि ज्यांच्या हाती होतं, त्यांच्यापैकी काहींच्या कारभारातूनच उशीर झाला होता. आपण केलेला उशीर जीवघेणा आहे हे कबूल करणं कुणालाही अवघड जातं.

तिसरी बाजू मात्र न्यायाने मांडायला हवी. थांबणंही सोपं नव्हतं. फ्लॉरेन्स म्हणजे मॉर्मन लोकांचं जुनं विंटर क्वार्टर्स. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्यांची शेकडो माणसं याच भागात आजार आणि उपासमारीने गेली होती. चारशे माणसांना निवारा, काम आणि अन्न तिथे तयार नव्हतं. गरीब लोक विखुरले तर पंथापासून तुटतील ही धास्तीही खरी होती. तरी शंभर माणसं थांबली, म्हणजे पर्याय पूर्णपणे बंद नव्हता. थांबण्याचा खर्च त्या सभेत नीट मांडलाच गेला नाही, त्यामुळे दोन खर्चांची तुलनाही झाली नाही.

सॅव्हेज सोबत का गेला

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हा आहे, आणि त्याबद्दल माझं मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही.

त्याच्याविरुद्ध म्हणता येईल ते असं : धोका माहीत असलेला माणूसच सोबत निघाला, तर काठावर उभ्या असलेल्या कुटुंबाला काय वाटेल? ‘एवढं बोलूनही तो येतोय, म्हणजे इतकं वाईट नसेल.’ तो थांबला असता, तर कदाचित शंभरऐवजी दीडशे-दोनशे थांबले असते. त्याच्या जाण्याने त्याच्याच इशाऱ्याची धार थोडी बोथट झाली असावी.

त्याच्या बाजूने जे आहे ते मला जास्त जड वाटतं. कौल लागल्यावर तांडा जाणारच होता. त्यात वाट माहीत असलेली चार माणसं होती, तो हटला असता तर तीनच उरली असती, आणि सोबत निघालेल्या प्रत्येक मुलासाठी हिवाळ्याची जाणीव असलेला एक माणूस कमी झाला असता. शिवाय त्याने आपला शब्द मागे घेतला नाही. ‘मी चुकलो, आता पटलं’ असं तो म्हणाला असता तर विलीशी संबंध गोड राहिले असते, आणि सप्टेंबरातली ती जाहीर कानउघाडणीही टळली असती. त्याने ‘मी बरोबर आहे’ आणि ‘मी येतो’ ही दोन्ही वाक्यं एकाच दमात उच्चारली. संस्थेत राहून विरोध करणाऱ्याला सहसा यांपैकी एकच परवडतं : एक तर मत गिळायचं किंवा बाहेर पडायचं. त्याने दोन्ही नाकारलं, आणि मग नायक म्हणून रोजचं काम केलं.

तरी एक खंत राहतेच. तांडा निघाल्यावर त्याच्या अनुभवाचा उपयोग शिध्याच्या नियोजनासाठी, आगाऊ स्वार पाठवण्यासाठी व्हायला हवा होता. तार यूटाला १८६१ मध्ये पोहोचली, त्याआधी घोडेस्वार हाच निरोप. ऑगस्टमध्येच दोन स्वार पुढे धाडले असते, तर सॉल्ट लेकला खबर सप्टेंबरात कळली असती. ज्याच्या तोंडून ही सूचना यायची त्याला बोलण्याची किंमत दोनदा मोजावी लागली होती.

नंतर

२ नोव्हेंबरला, विलीचा तांडा अजून वाटेतच असताना, यंगने जाहीर भाषणात रिचर्ड्स आणि आयोवा सिटीचं काम पाहणारा डॅनियल स्पेन्सर यांना उशिरा तांडे निघू दिल्याबद्दल दोष दिला. योजना त्याची होती आणि काटकसरीचा रेटाही त्याचाच, हे त्या भाषणात आलं नाही. पण व्यवहारात धडा घेतला गेला : पुढची वर्षं तांडे वेळेत निघाले आणि असा अनर्थ पुन्हा झाला नाही. १८५६ ते १८६० या काळात दहा तांड्यांतून जवळपास तीन हजार माणसं हातगाड्या ओढत यूटाला गेली. १८६१ पासून यूटातूनच वसंतात बैलगाड्या पाठवून लोकांना आणायची पद्धत सुरू झाली. सॅव्हेजचा आक्षेप वेळेपुरता होता, आणि वेळेची शिस्त तेवढी पुरी पडली.

आहमनसन यूटात टिकला नाही, पंथ सोडून नेब्रास्काला परतला आणि वाटेत गमावलेल्या सामानासाठी त्याने यंगवर दावा लावला. विलीचे पाय बर्फाने सुजले होते, पुढे तो उत्तर यूटात स्थायिक झाला.

सॅव्हेजला मुलगा भेटला. १८५८ मध्ये त्याने ॲन कूपर या विधवेशी लग्न केलं. ती दोन लहान मुलींना घेऊन विलीच्याच तांड्यातून आली होती. पंथातल्या बहुपत्नीत्वाच्या प्रथेनुसार पुढे त्या दोन्ही मुलींशीही त्याचं लग्न झालं. आजच्या वाचकाला हे खुपेल, मलाही खुपतं, पण त्याच्या आयुष्याचा तो भाग आहे आणि तो वगळून त्याचं चित्र पूर्ण होत नाही. दक्षिण यूटातल्या टोकरव्हिल गावात त्याने बाकीचं आयुष्य काढलं आणि तिथेच १९१० मध्ये, नव्वदाव्या वर्षी, तो वारला.